तिकिटाची बैठक : अब्दुल करीम खाँ यांची फिरस्ती

मराठी संगीत नाटकातील पदांचा विचार बहुधा नाटकाच्या चौकटीतच झालेला आहे. पद कोणत्या प्रवेशात येते, कोणाच्या तोंडी येते, त्याची चाल कोठून घेतली आणि कथानकाला त्याने हातभार लावला की अडथळा केला, या प्रश्नांची चर्चा विपुल आहे. परंतु हीच पदे रंगमंचावरून उतरून गावोगावच्या बैठकीत कशी शिरली आणि नाटक न पाहिलेल्या श्रोत्यांच्याही स्मरणात कशी राहिली, या वाटचालीकडे वाङ्मयाच्या अभ्यासकांचे लक्ष कमी गेले आहे. ती वाटचाल समजून घ्यायची तर नटांबरोबरच फिरत्या गवयांच्या आयुष्याकडे पाहावे लागते. अब्दुल करीम खाँ (१८७२-१९३७) हे अशा गवयांतील अग्रणी होत. किराणा घराण्याचे प्रवर्तक म्हणून त्यांच्यावर संगीतशास्त्राच्या अंगाने पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांचे शिष्य बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेले विस्तृत मराठी चरित्रही उपलब्ध आहे. मात्र त्यातील भक्तिभाव वजा करून ते वाचावे लागते. खाँसाहेब कोणापुढे गात होते, त्याचा मोबदला त्यांना कोण देत होते आणि त्यासाठी त्यांना काय मोजावे लागले, हे प्रश्न मात्र या लेखनात गायकीच्या चर्चेमागे झाकले गेले आहेत.

त्यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ रोजी कैराना येथे झाला. त्या काळी मुझफ्फरनगर जिल्ह्यात असलेले हे गाव आता उत्तर प्रदेशाच्या शामली जिल्ह्यात मोडते. घराण्याचे 'किराणा' हे नाव या गावावरूनच आले. वडील काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडे त्यांचे शिक्षण झाले. घरात गायनाबरोबर सारंगी आणि बीन यांची परंपरा होती. पुढे त्यांच्या गाण्यात स्वराला स्वर चिकटवून नेणारी जी मींड सर्वांना मोहवू लागली, तिचे मूळ या तंतुवाद्यांच्या संस्कारात शोधले जाते आणि ते योग्यच आहे. वाद्य हाताळण्याची, ते उघडून दुरुस्त करण्याची आणि तंबोऱ्याची जवारी स्वतः लावण्याची हौसही त्यांना जन्मभर राहिली. आज येथे तर उद्या तेथे गाणाऱ्या माणसाला हे कसब किती उपयोगी पडले असेल, हे सांगावयास नको.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात ते बंधू अब्दुल हक यांच्यासह बडोद्यास आले आणि सयाजीराव गायकवाडांच्या दरबारात गायक म्हणून राहिले. दरबारी नोकरीत गवयाची वर्षभराची ददात मिटत असे. वेतन ठरलेले, सणासमारंभाच्या हजेऱ्या ठरलेल्या, श्रोतेही ठरलेले. गवयाने कोठे जावे आणि कोणापुढे गावे, हे मात्र त्याच्या हाती नसे. येथेच सरदार मारुतीराव माने यांच्या घरातील ताराबाई त्यांच्याकडे शिकू लागल्या. या सहवासातून दोघांनी एकत्र राहण्याचा निर्णय घेतला आणि १८९८ च्या सुमारास बडोदे सोडले. एका मुसलमान गवयाने दरबाराशी संबंध असलेल्या मराठा सरदाराच्या कन्येसह राज्याबाहेर जाणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. कैरान्याकडचे पाशही याच वेळी सैल झाले. त्यांचा पहिला विवाह अब्दुल वहीद खाँ यांच्या भगिनीशी झालेला होता आणि त्या घराशी आलेला दुरावा पुढे दीर्घकाळ टिकला. आश्रयदाता आणि गोत या दोहोंपासून तुटलेल्या या दांपत्यापुढे उपजीविकेचा प्रश्न उभा राहिला. चरित्रकार या प्रसंगाकडे प्रणयकथा म्हणून पाहतात. खाँसाहेबांच्या कलाजीवनाच्या दृष्टीने पाहता, त्यांना रस्त्यावर आणणारा आणि म्हणूनच मराठी श्रोत्यांपर्यंत पोहोचविणारा हा प्रसंग आहे.

मुंबईमार्गे ते मिरजेस आले. त्या वर्षांत दक्षिण महाराष्ट्रात प्लेगने कहर केला होता. खाँसाहेबांनाही तो झाला आणि ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांच्या दर्ग्यात ते बरे झाले, अशी परंपरागत समजूत आहे. दर्ग्याविषयी त्यांची निष्ठा जन्मभर टिकली आणि मिरज हे त्यांचे गाव झाले. या निवडीमागे श्रद्धेप्रमाणे सोयही होती. पुणे-मिरज लोहमार्ग १८८७ मध्ये पूर्ण झालेला होता, कोल्हापूरची शाखा १८९१ मध्ये सुरू झाली होती, आणि मुख्य मार्ग बेळगाव, धारवाड, हुबळीकडे जात होता. मिरजेत मुक्काम ठेवणाऱ्या गवयाला मराठी आणि कन्नड असे दोन्ही मुलूख हाताशी होते. तंबोरे आणि सतारी घडविणारे कुशल कारागीर तर मिरजेत घरोघरी होते.

खाँसाहेब ज्या वर्षी जन्मले त्याच वर्षी जन्मलेले विष्णु दिगंबर पलुसकर याच मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि १८९६ मध्ये आश्रयाची वाट सोडून बाहेर पडले. तिकीट लावून जाहीर गायन करण्याचा पायंडा पाडण्याचे श्रेय सामान्यतः त्यांना दिले जाते. दोघांची तुलना अटळ आहे, परंतु ती सहसा उथळपणे केली जाते. पलुसकरांपाशी एक कार्यक्रम होता. संगीताला प्रतिष्ठा मिळवून देण्याचे ध्येय, त्यासाठी विद्यालय, त्यासाठी पैसा आणि पैशासाठी जलसा, अशी ती साखळी होती. खाँसाहेबांच्या बाबतीत आधी पोट आले आणि विद्यालयाचा विचार त्यातून पुढे निघाला. फिरस्तीचे जिणे त्यांनी ध्येय म्हणून पत्करलेले नव्हते. त्यामुळेच श्रोत्यांच्या आवडीनिवडीकडे ते पलुसकरांपेक्षा अधिक मोकळ्या मनाने पाहू शकले.

तिकिटाच्या जलशाचा व्यवहार दरबारी हजेरीहून सर्वस्वी निराळा होता. राजेरजवाड्यांच्या किंवा सावकारांच्या वाड्यातील खाजगी बैठकीत बिदागी मिळे. ती यजमानाच्या मर्जीनुसार कमीजास्त होई, पण गवयाचा खर्च त्याच्या अंगावर पडत नसे. जलशात सारेच उलटे होते. गावात आधी जाऊन जागा पाहावयाची, नाटकगृह असेल तर नाटक कंपनीचा खेळ नसलेला दिवस गाठावयाचा, भाडे ठरवावयाचे, हस्तपत्रके वाटावयाची, साथीदारांची आणि शिष्यांची जेवणाखाणाची व्यवस्था लावावयाची आणि मग रात्री किती तिकिटे खपतात याची वाट पाहावयाची. पाऊस आला किंवा गावात साथ पसरली की सगळा खर्च अंगावर. या खटाटोपात दरबारी उस्तादाची ऐट टिकणे कठीण होते. त्या पिढीतील अनेक थोर गवयांना तिकीट ही गोष्टच कमीपणाची वाटत असे, आणि त्यांच्या दृष्टीने ते स्वाभाविक होते. ज्याच्यापाशी पैसे आहेत असा कोणीही आत येऊन बसणार, हा विचारच मैफलीच्या जुन्या संकेतांना छेद देणारा होता.

आत येऊन बसणारा हा श्रोता कोण होता, याचा विचार वाङ्मयाच्या अभ्यासकाने अवश्य करावा. तो बहुतांशी वकील, कारकून, शिक्षक, विद्यार्थी, लहान व्यापारी अशा वर्गातला होता. रागाची घराणेदार जाण त्याच्यापाशी असेलच असे नव्हते. त्याचा कान किर्लोस्कर मंडळींच्या आणि त्यानंतरच्या नाटक कंपन्यांच्या पदांवर तयार झालेला होता. स्वराच्या सौंदर्याने हरखून जाण्याची तयारी त्याच्यात होती. मात्र तासन्तास चालणारी लयीची झुंज ऐकण्याची सवय त्याला नव्हती. खाँसाहेबांची प्रकृती या श्रोत्याशी जुळली. त्यांचा आवाज बारीक, टोकदार आणि तंबोऱ्याच्या नादात विरघळणारा होता. ध्वनिवर्धक नसलेल्या त्या काळात असा आवाज नाटकगृहाच्या मागच्या रांगेपर्यंत पोहोचायचा तर श्रोत्यांनी गप्प बसणे अपरिहार्य होते. आक्रमक तानबाजीने सभागृह जिंकण्याऐवजी संथ आलापीने त्याला शांत करण्याची त्यांची रीत केवळ स्वभावातून आली, असे मानण्याचे कारण नाही. या जागांची आणि या श्रोत्यांची घडणही तिच्यात आहे. लयकारीच्या अंगाने त्यांच्या गायकीवर आक्षेप घेणाऱ्यांनी ही परिस्थिती पुरेशी लक्षात घेतलेली नाही.

नाट्यपदांशी त्यांचा संबंध येतो तो याच ठिकाणी. ख्याल, ठुमरी, भजन यांबरोबर मराठी पदेही ते बैठकीत गात. 'मानापमान' (१९११) या खाडिलकरांच्या नाटकातील, गोविंदराव टेंबे यांच्या चालीचे 'चंद्रिका ही जणू' आणि श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या 'मूकनायक'मधील 'उगिच का कांता' ही पदे त्यांच्या ध्वनिमुद्रिकांमुळे आजही ऐकता येतात. मराठी ही त्यांची जन्मभाषा नव्हती. शब्दोच्चारांत उत्तरेची छटा जाणवते आणि काही ठिकाणी अर्थाचा दुवा स्वराच्या ओघात निसटतोही. नाट्यगीताच्या कसोटीला लावले तर हा दोषच ठरेल. पण येथे ती कसोटीच बदललेली आहे. पात्र नाही, प्रसंग नाही, पुढचा संवाद नाही. पदाला आपल्या बळावर उभे राहावे लागते. नाटककाराने प्रसंगासाठी रचलेला शब्द अशा वेळी प्रसंगाचे ओझे उतरवून निव्वळ भावाचा आधार म्हणून उरतो. कोल्हटकरांच्या पदांवर क्लिष्टतेचा आरोप होत आला आहे. तीच पदरचना बैठकीत किती सहज वितळते, हे या ध्वनिमुद्रिकेवरून पडताळून पाहण्यासारखे आहे. नाटकाच्या प्रयोगांबरोबर ज्यांचे आयुष्य संपले असते अशी काही पदे बैठकीच्या आधाराने तगली. नाट्यपदांच्या वाङ्मयीन मूल्यमापनात हा भाग जमेस धरला गेला पाहिजे.

नाटकाशी असलेले हे नाते एकेरी नव्हते, तसेच ते सुखाचेही नव्हते. धारवाड-म्हैसूरकडे जाता-येता खाँसाहेबांचा मुक्काम कुंदगोळच्या नाडगीर वाड्यात होत असे. त्या गावचे रामभाऊ कुंदगोळकर त्यांचे शिष्य झाले. काही वर्षांच्या कठोर तालमीनंतर रामभाऊंनी नाटक कंपनीत प्रवेश केला आणि 'सवाई गंधर्व' म्हणून नाव मिळविले. गुरूला हे रुचले नाही. स्वतः नाट्यपदे गाणाऱ्या उस्तादाने शिष्याच्या नाटकात जाण्यावर नाराज व्हावे, यात वरवर विसंगती दिसते. परंतु नाटकाचे पद बैठकीत आणणे आणि बैठकीचा गळा रात्रीमागून रात्री नाटकाला देणे, यांत खाँसाहेबांना मोठे अंतर वाटत असावे.

१९१३ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. विद्यार्थी घरच्यासारखे राहत. त्यांच्या जेवणाखाणाचा आणि शिक्षणाचा भार खाँसाहेब उचलत आणि तो भागविण्यासाठी जलसे करीत. जलशात विद्यार्थीही गात-वाजवीत. पलुसकरांच्या विद्यालयाला अभ्यासक्रम, परीक्षा, पुस्तके असा सांगाडा होता. येथे गुरुगृह आणि फिरती मंडळी यांचे मिश्रण झालेले होते. खाँसाहेब ज्या दिवशी गात नसत त्या दिवशी विद्यालयाला उत्पन्न नसे. प्रेक्षक खेचण्यासाठी करावे लागणारे उपायही त्यांनी वर्ज्य मानले नाहीत. टिपू नावाच्या कुत्र्याला त्यांनी स्वरात सूर मिसळावयास शिकविले होते आणि त्याला प्रेक्षकांपुढे आणले होते. चरित्रकारांना हा प्रकार एक गमतीदार आख्यायिका वाटतो, तर काही अभ्यासकांना तो अडचणीचा वाटतो. तिकिटावर जगणाऱ्या मंडळींच्या जमाखर्चात त्याचे स्थान काय असेल, हे समजून घेतले तर अडचण वाटण्याचे कारण उरत नाही. याच दशकात कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज न्यायाधीश क्लेमंट्स यांच्या श्रुतिसंशोधनासाठी ते गात होते. एकीकडे बावीस श्रुतींचा शास्त्रार्थ आणि दुसरीकडे टिपू, असे हे आयुष्य होते.

पुढे विद्यालयाचे केंद्र मुंबईकडे गेले. ताराबाईंच्या वाट्याला या सर्व काळात काय आले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. पाच मुले, शिष्यांनी भरलेले घर, आणि घरधनी सदैव फिरतीवर. १९२२ मध्ये त्या मुलांना घेऊन खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या. मुलांची नावेही बदलली. अब्दुल रहमान हे सुरेशबाबू माने झाले, चंपाकली या हिराबाई बडोदेकर झाल्या, सकीना या पुढे सरस्वतीबाई राणे म्हणून प्रसिद्ध झाल्या. एकाने आईकडचे आडनाव घेतले, तर दुसरीने जे गाव सोडून आईवडील बाहेर पडले होते त्याचेच नाव लावले. वडिलांचे नाव कोणत्याही आडनावात उरले नाही. मुलींनी गाण्याचा पेशा करावा, हे खाँसाहेबांना मान्य नव्हते असे सांगितले जाते. हिराबाईंचे शिक्षण मुख्यतः सुरेशबाबू आणि अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे झाले. म्हणजे ज्या घराशी वडिलांचे संबंध दुरावले होते, त्याच घराने मुलीला विद्या दिली. आणि तरीही तिकीट लावून जाहीर गाणाऱ्या पहिल्या स्त्रियांत हिराबाईंची गणना होते. १९२९ मध्ये या भावंडांनी नूतन संगीत नाटक मंडळी स्थापन केली. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी करणारी ही मंडळी गावोगाव फिरली आणि काही वर्षांतच कर्जात बुडून बंद पडली. फिरस्तीचा वारसा असा वडिलांच्या इच्छेवाचून मुलांकडे गेला.

कलेसाठी संसाराचा होम झाला, अशी भाषा येथे चरित्रकारांच्या लेखणीतून सहज उतरते. ती टाळलेली बरी. खाँसाहेबांची फिरती थांबली असती तर घरच चालले नसते आणि ती चालू राहिली म्हणून घर टिकले नाही. दरबारी गवयाला हा पेच कधी पडला नसता. स्वतंत्र झालेल्या कलावंताच्या आर्थिक स्थितीतूनच तो निर्माण झालेला होता आणि त्याची अधिक मोठी किंमत ताराबाईंनी मोजली, हे स्पष्टपणे नोंदविले पाहिजे.

यानंतर मिरज हेच त्यांचे कायमचे ठिकाण झाले. शिष्या बाणूबाई लाटकर, म्हणजेच सरस्वतीबाई मिरजकर, यांच्याशी त्यांनी संसार मांडला. दर्ग्याच्या उरुसात ते नेमाने गात. तेथे ना तिकीट होते ना बिदागी. म्हैसूर दरबारातील हजेऱ्या आणि तमिळ मुलखातील मैफली यांमुळे दक्षिणेशी त्यांचा संबंध वाढत गेला. कर्नाटक पद्धतीतील सरगम त्यांनी आपल्या आलापीत मुरविली आणि त्यागराजांची कृतीही गायिली. उत्तरेत जन्मलेला, महाराष्ट्रात वाढीस लागलेला आणि दक्षिणेत समरसून ऐकला गेलेला असा दुसरा हिंदुस्थानी गवई त्या पिढीत सापडत नाही. यामागे लोहमार्गाचा वाटा घराण्याच्या तालमीइतकाच मोठा आहे.

ध्वनिमुद्रणाशी त्यांचा परिचय १९०५ च्या सुमारासच झाला होता. परंतु ज्यांनी त्यांचे नाव सर्वदूर नेले त्या ओडियन कंपनीच्या तबकड्या १९३० नंतरच्या दशकातल्या. झिंझोटीतील ठुमरी, भैरवी आणि वर उल्लेखिलेली मराठी पदे त्यांतच आहेत. साडेतीन मिनिटांच्या आत एक भावावस्था पुरी करण्याचे कसब त्यांत दिसते. ज्या गावात ते कधी गेले नसतील त्या गावातही आता त्यांचा आवाज पोहोचू लागला. गदगच्या एका दुकानात वाजणारी त्यांची तबकडी ऐकून भीमसेन जोशी या मुलाच्या मनात गाणे शिकण्याची ओढ लागली आणि तो पुढे सवाई गंधर्वांचा शिष्य झाला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. तबकडी फिरू लागल्यावर गवयाची फिरती थांबावयास हवी होती, पण तसे झाले नाही. साठी उलटल्यावरही ते प्रवासातच होते.

१९३७ च्या ऑक्टोबरात ते मद्रासकडे होते. तेथील गायनानंतर पाँडिचेरीस जाण्यासाठी ते शिष्यांसह रात्रीच्या गाडीने निघाले. वाटेत अस्वस्थ वाटू लागल्याने चिंगलपुटच्या अलीकडील सिंगपेरुमाळ कोइल या लहानशा स्थानकावर ते उतरले. फलाटावर अंथरूण घातले गेले. त्यांनी नमाज पढला, तंबोरा जुळवून घेतला आणि दरबारी कानड्याच्या स्वरांत ईश्वराचे नाव घेत देह ठेवला, असे परंपरा सांगते. तारीख २७ ऑक्टोबर १९३७. पासष्टावे वर्ष पुरे व्हायला पंधरवडा उरला होता. त्यांचा देह मद्रासमार्गे मिरजेस आणण्यात आला आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांचे दफन झाले. दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होऊ लागली आणि हिराबाई, सरस्वतीबाई यांच्यासह किराणा गायकीचे दोन-तीन पिढ्यांचे गायक तेथे हजेरी लावत आले. या सभेला प्रवेशमूल्य ठेवण्यात आलेले नाही.